वहिनीचा सोमवार

फोन आला तेव्हा मी नाशिकला शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. “तुझी वहिनी गेली. बागेतच... हृदयाचा झटका,” दादा एवढंच म्हणाला. दिंडोरीच्या बसमध्ये सारखी एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत होती: द्राक्षांच्या मांडवाखाली मान मागे टाकून उभी असलेली सुनंदावहिनी, हातात विरळणीची कात्री.

द्राक्षाचं काम म्हणजे वर बघायचं काम. दाट घडातले जास्तीचे मणी कातरायचे, तर दिवसभर मान वर. एकोणीसशे पंचाण्णवच्या सुमारास वहिनीची बोटं सकाळी सुजून मिटेनाशी झाली. डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि म्हणाले, “थांबू नका. सुरुवातीलाच दोन-तीन औषधं एकदम देऊ. नाहीतर हा पुढे मानेच्या मणक्यांपर्यंत जाऊ शकतो.” झालं! अख्खी भावकी जमली. एवढ्या तरण्या बाईला एवढी जहाल औषधं? लेप लावा, तेल चोळा. आणि मी, शिकलेली मास्तरीण, मीही म्हणाले, “वहिनी, वर्षभर थांबून बघ ना.” आजही त्याची लाज वाटते.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “ताई, माझी आई थांबली होती. मानेचा मणका सरकला, गळ्यात पट्टा आला. शेवटची पाच वर्षं तिनं आभाळ बघितलं नाय. मला मांडव बघायचाय.” विषय संपला.

त्यातली एक गोळी आठवड्यातून एकदाच, सोमवारी घ्यायची. त्या दिवशी तिला मळमळायचं, अन्नाचा वास नको व्हायचा. वहिनी जेवत नाही हे बघून माझ्या आईने, म्हणजे तिच्या सासूने, जाहीर करून टाकलं, “सुनेनं सोमवार धरलाय,” आणि पुढ्यात साबुदाण्याची खिचडी ठेवली. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. वहिनी म्हणाली, “राहू दे की. गोळीला शिव्या देतात, उपासाला कोण देतंय?” मग काय, दहा-बारा वर्षं तो उपास चालला! केस विरळ झाले, रक्त तपासायला नाशिकच्या खेपा झाल्या, दोन बोटं वाकडी झालीच. पण मानेचे फोटो काढले, एक पुढे वाकवून, एक मागे, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मणका जागचा हललेला नाही. दवाखान्याच्या पायरीवर ही बया मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभी राहिली. विमान आलं की काय म्हणून रस्त्यावरचे दोघे-तिघेही वर बघायला लागले.

तेराव्याला एक मामा बोललेच, “त्या गरम गोळ्यांनीच नेली पोर.” माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तोच आई कडाडली, “गोळ्यांनी नेली नाय! गोळ्यांनी इतकी वर्षं मांडवाखाली उभी ठेवली. सोमवार धरलाय असं मी म्हणत होते ते तुमच्यासारख्यांची तोंडं बंद राहावी म्हणून. आणि रिकाम्या पोटी असली गोळी घेऊ दिली असती व्हय मी तिला?”

म्हातारीला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं... आणि आम्ही तिला हसत होतो.

परवाच्या सोमवारी गावी गेले, तर आईने खिचडी केलेली. म्हटलं, “आता कुणाचा उपास?” “खा मुकाट्यानं,” म्हणाली. मग मला बागेत घेऊन गेली, तारेला अडकवलेली वहिनीची कात्री काढून हातात दिली. “तो घड बघ, दाट राहिलाय. तिनं राहू दिला असता का?” मी मान मागे टाकली आणि मणी कातरायला लागले. पाच मिनिटांत मान भरून आली. पण खाली घातली नाही.