चौथा ठिपका

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी घडलेली गोष्ट. वसमतकडच्या आमच्या रानावर एक विमान घिरट्या घालून गेलं. त्यानं काढलेल्या चित्रात एक ठिपका जास्तीचा आला, अन् तो कशाचा हे कागदावर लिहायचं का न्हाई, या पेचात माझं पोरगं अडकलं. तेवढंच सांगायचंय. पण आधी त्याचं काम सांगते, त्याशिवाय कळायचं न्हाई.

पोरगं इंजिनिअर झालं, दूर शहरात फौजेसाठी काम करणाऱ्या एका कचेरीत लागलं. लहान उपग्रहात बसेल असं रडार बनवायचं, कपाटाएवढं अन् स्वस्तातलं. एक मोठा महागाचा पाठवण्यापेक्षा लहान लहान दहा पाठवायचे, म्हणजे एखादा बिघडला तरी बाकीचे बघत राहतात. मी विचारलं, अंधारात काय दिसतं त्याला? तर म्हणाला, माय, ते बघत न्हाई, हाक मारतं. आपण विहिरीत हाक मारली की ती परत येती ना, तसं. ढग असू दे, अंधार असू दे. लोखंड-पत्रा असला की हाक ठणठणीत परत येती. माणसाची येतच न्हाई म्हणलं तरी चालंल.

ते माणसाचं बोलणं तेव्हाच मला टोचलं होतं. पण पोराचं कौतुक असं असतं बघा, टोचलेलं विसरायला लावतं.

उपग्रहात बसवायच्या आधी यंत्र विमानात ठेवून तपासतात. त्यासाठी जमिनीवर ओळखीच्या खुणा लागतात. साहेब लोक म्हणाले खर्च वाचवा, तर यानं आपलंच रान सुचवलं. वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचे तीन कोपरे करून आणले. कोपरा म्हणजे खोलीचा असतो ना, दोन भिंती अन् खाली फरशी, तेवढाच कापून आणल्यासारखा. त्यात शिरलेली हाक जिथून आली तिकडंच परत जाती म्हणे. तीन जागी तीन मांडले, तोंडं आभाळाकडं तिरपी केली अन् मला बजावून गेला, ह्याला हात लावू नको, कोणाला लावू पण देऊ नको.

हळद शिजवायचे दिवस. कढया चढलेल्या, पंधरा-वीस बाया कामाला. एक म्हणाली, "काकू, पोराला एवढं शिकवलं अन् ते पत्रे ठोकून राहिलं व्हय? आमचा मालक न शिकताच ठोकतो की." सगळ्या हसल्या, मी पण हसले.

बायांची लेकरं बांधावर उन्हात पडायची. त्या कोपऱ्याची सावली पडती, वारं अडतं, हे मी बघून ठेवलं होतं. मग काय, गोठ्याचे जुने पत्रे काढले. दोन उभे, एक खाली, पोरानं केलं तस्संच मांडलं. खाली पोती अंथरली, वरून लुगडं टाकलं. पोराच्या खुणांना बोट लावलं न्हाई, शब्द पाळला. विमान आलं तेव्हा दोन लेकरं त्या आडोशाला निजलेली होती. बाया माना वर करून बघत राहिल्या, लेकरं काही उठली न्हाईत.

महिन्याभरानं पोरगं घरी आलं. चहा तसाच ठेवला. खरं चित्र बाहेर आणता येत न्हाई म्हणाला, वहीच्या पानावर पेनानं चार ठिपके काढून दाखवले. तीन त्याच्या खुणांचे. चौथ्यावर बोट ठेवलं.

"माय, इथं काय होतं?"

"लेकरं निजली होती," मी म्हणलं. पत्र्यांचंही सांगितलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. मग हळूहळू बोलला. चौथा ठिपका सगळ्यात झळझळीत होता. साहेब लोक खूश, की बाकी तीन आपणच ठेवलेले, हा तर यंत्रानं आपला आपण हुडकला. त्यांनी त्याला 'झाकलेली गाडी' असं नाव देऊन टाकलं. कापडातून हाक आरपार जाती, अन् फौजा कापड टाकून गाड्या लपवतात, तसली. महागाच्या यंत्राला आकार तरी कळला असता, ह्याला नुसता ठिपका. पुढच्या रकान्यात, असं दिसलं तर त्यावर वरून काय टाकायचं, तेही सरावापुरतं भरलं होतं. काय भरलं ते त्यानं सांगितलं न्हाई अन् मी विचारलं न्हाई.

यंत्र पास झाल्यात जमा होतं. खरं लिहिलं तर अडणार, अन् ह्याची कितीक वर्षांची मेहनत पाण्यात. न्हाई लिहिलं तर कोणाला कळणार न्हाई.

मी म्हणलं, "मी सांगितलं तेवढं लिही. लेकरं धरून."

त्यानं ते पान घडी करून खिशात घातलं. नंतर म्हणाला, "माझ्या जागी दुसरा बसवतील, माय. तो विचारायला पण येणार न्हाई."

लिहिलं त्यानं, लेकरं धरून लिहिलं. पंधरा दिवसांनी फोन आला. आवाज एकदम थंड. ओळ कोणी खोडली न्हाई. तिच्याखाली शेरा मारला, की पुढच्या चाचणीला रानात लोकांनी असे पत्रे मांडू नयेत याची खबरदारी घ्यावी. अन् यंत्र पास केलं.

मी त्याच दुपारी आडोसा मोडला. बाया विचारू लागल्या, काहून मोडला? इंचू निघाला म्हणून सांगितलं.

पुढच्या हंगामात बांधापलीकडच्या रानात हळद निघाली. त्याच बाया तिथं कामाला. बघते तर दोन पत्रे उभे, एक खाली, वर लुगडं. त्यांना सोयीचं पडलं होतं ते. मी बांधापर्यंत गेले. आतलं लेकरू मुठी आवळून झोपलेलं. पोराचं यंत्र आतापर्यंत वर गेलं असंल. वर बघितलं, आभाळ मोकळं होतं, त्यात काहीच दिसत नव्हतं.