काट्यावरचा काळा पडदा

लोर्ना पेट्रिशिनचं मशीन किती दिवस बंद न पडता चाललंय, हे तिला कुणी विचारत नसे. तशी वेळच ती येऊ देत नसे. चर्चच्या तळघरात पेरोगीच्या उकडीच्या करंज्या वळताना ती आकडा सांगायची, कर्लिंगच्या खेळात बर्फावर दगड सरकवायची आपली पाळी येईपर्यंत सांगायची. नातवंडांची वयं विचारली तर मात्र तिला क्षणभर आठवावी लागत.

मशीन म्हणजे गावच्या सहकारी धान्यकोठारातल्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर. ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं आणि चिठ्ठी छापायची, एवढंच त्याचं काम. अकरा वर्षांपूर्वी लोर्नानं तो स्वतः जुळवला आणि त्यात चित्रं, खिडक्या, माउसचा बाण असलं काही म्हणजे काही ठेवलं नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बास. "वजन करायला देखावा कशाला लागतो?" असं ती म्हणे. ती त्याच्या जवळपासही फारशी फिरकत नसे. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, तिथूनच मशीनमध्ये शिरायचं आणि सगळं ठीक आहे ना ते बघून पुन्हा बीटचं सूप, बोर्श्ट, ढवळायला उठायचं, अशी तिची पद्धत.

कोठाराचा मॅनेजर ड्वेन. त्याला रंगीत चित्रांचं नवं मशीन हवं होतं. जूनच्या बैठकीत त्यानं विषय काढताच लोर्ना ताडकन म्हणाली, "सुगीत एक दिवस जरी हे रुसलं, तर मी स्वतः उचलून भंगारात नेऊन टाकीन." बैठकीला एकोणीस माणसं होती आणि त्यातल्या एकाचीही स्मरणशक्ती कमजोर नव्हती.

सप्टेंबरात ऐन सुगीत एका पहाटे वादळानं वीज गेली आणि मशीन चारशे बारा दिवसांनी पहिल्यांदा बंद झालं. तासाभरात वीज आली. सात वाजता काटेवाल्या ओरेस्टचा फोन आला. ओरेस्ट चौऱ्याहत्तर वर्षांचा, काट्यावर बसून त्याच्या खुर्चीलाच त्याचा आकार आलेला.

"लोर्ना, पडदा काळा आहे."

"पडदा काळाच असतो, ओरेस्ट."

"मग आज अक्षरंही काळी आहेत."

ती जशी होती तशी निघाली. लॅपटॉप टेबलावरच राहिला.

काट्याच्या खोलीत शिरताच तिनं बटण दाबून मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. कुठली ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायची ते विचारणारी सुरुवातीची यादी व्यवस्थित दिसली. यादी गेली आणि पडदा मिट्ट काळा. तिनं पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. मग तिनं पडद्याची वायर काढून तिच्या टोकावर फुंकर मारली. दुसरं कुणी असं करताना दिसलं असतं तर तिनं वर्षभर त्याची टर उडवली असती.

"मी काय म्हणतो," ओरेस्ट म्हणाला, "मघाशी तू यायच्या आधी..."

"ओरेस्ट, दोन मिनिटं द्या मला."

बाहेर सात ट्रक उभे होते आणि दुपारनंतर पाऊस सांगितला होता. ड्वेन आला, दाराला टेकून उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "भंगारवाला चारपर्यंत असतो, लोर्ना. घाई नाही."

तिनं तिसऱ्यांदा मशीन बंद केलं, मग चौथ्यांदा. ओरेस्टनं आणखी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्याला दोन-दोन मिनिटं मागण्यात आली. चौथ्यांदाही पडदा काळाच राहिला तेव्हा लोर्नाला रडू यायला लागलं. एवढ्या लोकांसमोर रडायचं नव्हतं म्हणून ती बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. एका पेटीसाठी डोळे भरून यावेत याची तिला लाज वाटत होती, आणि ते भरून येतच होते.

आता गप्प करायला कुणी नाही हे पाहून ओरेस्टनं हात करून पहिला ट्रक काट्यावर घेतला. आतून छपाईची करकर ऐकू आली. लोर्ना धावत आत गेली. ओरेस्टच्या हातात चिठ्ठी होती. चोवीस टन गहू, तारीख, वेळ, सगळं जिथल्या तिथं.

"हे कसं छापलं?"

"रोज छापतं तसं. तू यायच्या आधी तीन ट्रक केले मी. पडदा काळा आहे एवढंच फोनवर म्हणालो. बंद आहे असं कुठं म्हणालो?"

"मग सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगायला गेलो. तू दोन मिनिटं मागितलीस, मी दिली. आता चाळीस झाली."

ड्वेनच्या कॉम्प्युटरवरून ती मशीनमध्ये शिरली. ते ठणठणीत होतं. सुरुवात कशी करायची ते ठरवणारी फाइल तिनं उघडली आणि एका ओळीवर थबकली. यादीनंतर जागं होताना पडद्यावर मोठ्या, सुबक आकारात चित्र दाखव, असं ती ओळ सांगत होती. चित्रांच्या कॉम्प्युटरला ती शोभते. इथल्या म्हाताऱ्या पडद्याला तो आकार झेपत नव्हता, म्हणून तो काळा पडत होता. ओळीवर टिपण होतं: १४ फेब्रुवारी, घरच्या कॉम्प्युटरवरून उतरवलं, आता सुरुवात छान दिसेल, लो. पे.

छान. देखावा नको म्हणणाऱ्या बाईनं देखाव्यापायी हे केलं होतं, आणि दिवसांचा आकडा मोडू नये म्हणून सात महिने मशीन एकदाही बंद करून पाहिलं नव्हतं.

ड्वेननं तिच्या खांद्यावरून टिपण वाचलं. ट्रकवालेही कॉफीचे पेले घेऊन दारात जमले होते. "म्हणजे मशीन बंद पडलं की नाही?" त्यानं विचारलं.

नाही, एवढं म्हणून सुटता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. "मशीन आपणहून एकदाही बंद पडलं नाही," लोर्ना म्हणाली. "चालतं मशीन मीच चार वेळा बंद केलं. ओरेस्ट सांगत होते, मी ऐकलं नाही."

"मग राहू दे ते भंगाराचं," ड्वेन म्हणाला आणि त्यानं ट्रकवाल्यांना बाहेर पिटाळलं.

तिनं ओळ काढून टाकली आणि ती काट्याच्या खोलीत परतली. "ओरेस्ट, पडद्यावर अक्षरं यायला मशीन एकदा बंद करून चालू करावं लागेल. आत्ता करू की ट्रक संपल्यावर?"

"ट्रक होऊ देत. मला तसाही त्या अक्षरांचा उपयोग नाही. फार बारीक आहेत, मला दिसतच नाहीत."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं. मी चिठ्ठी बघतो."

"मला कधी बोलला नाहीत ते."

"तू आज पहिल्यांदा काहीतरी विचारलंस," ओरेस्ट म्हणाला आणि पुढच्या ट्रकला हात केला.