नव्या होडीची तहान

सुतारकामाच्या आमच्या सरांची त्यांच्या पाठीमागे नक्कल करूनच मी गावात नाव कमावलंय. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून सरांनी अंगणात होडी बांधली आणि आज ती पहिल्यांदा खाडीत उतरली. नारळ फुटला, पण सरांच्या पत्नी, आमच्या काकू, काठावरच. "आधी परत तर या, मग बसते मी!"

आम्ही दोघं निघालो आणि पाचच मिनिटांत माझे पाय ओले. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येत होतं. मी डब्याने उपसत ओरडलो, "सर, वळवा!"

"कशाला? नवं लाकूड तहानलेलं असतं. पाणी पिऊन फुगलं की सांधे मिटतात. भीती वाटतेय ना? मग माझी नक्कल कर."

मी गारच पडलो. म्हणजे यांना सगळं माहीत होतं! घसा खाकरून सरांच्या आवाजात म्हणालो, "रंधा मारतोयस की म्हशीची पाठ खाजवतोयस रे?" सर वल्हं सोडून हसले.

मला वाटलं, गळते म्हणून काठावर ओढून ठेवली असती, तर ही जन्मभर गळकीच राहिली असती. शिकताना माझ्या हातून वर्षभर एकही फळी सरळ कापली गेली नव्हती. तरी सरांनी माझ्या हातातली करवत कधी काढून घेतली नाही.

दुपारी परतलो. पाणी अजून झिरपत होतं, पण बरंच कमी. सरांनी काकूंकडे हात पुढे केला. काकूंनी आत वाकून बघितलं, चपला काठावर काढल्या आणि मला म्हणाल्या,

"ऊठ रे. आणि तो डबा इकडे दे."