मोठ्या सिस्टरांच्या पायांचं माप

हाडांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांचे पाय लांबीला बेताचेच होते. देवाने सगळी हौस रुंदीत भागवून घेतली होती. बोटांपाशी ते झाडूसारखे फाकलेले, त्यामुळे कुठल्याही बंद बुटात शिरायला साफ नकार देत. बावीस वर्षं सिस्टरांनी पुढून उघड्या सपाता घालून वॉर्ड सांभाळला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मग एक दिवस एका डॉक्टरांच्या अंगठ्यावर सलाइनचा स्टँड पडला आणि नव्या अधीक्षकांनी हुकूम काढला, की वॉर्डात यायचं तर बोटं झाकणारे बूट हवेत.

सिस्टर त्यांना जाऊन भेटल्या. "नियम बरोबरच आहे, सर. पण माझ्या पायाचे बूट मिळत नाहीत."

"पंधरा दिवस घ्या," अधीक्षक म्हणाले. "नाहीच जमलं तर रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे. खुर्चीवर बसून काम. तुम्हालाही आराम."

आराम म्हटल्यावर सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा पायावर उभं करायचं, हे त्यांचं काम. भिंत धरून लटपटणाऱ्या माणसाला "टाका वजन, मी आहे ना" म्हणावं आणि त्याने खरंच टाकावं, यासारखं सुख आपल्याला संसारातही मिळालं नाही, असं त्या नवऱ्यादेखत सांगत, आणि तोही बिचारा मान डोलवत असे. रेकॉर्ड रूममधल्या फायलींना काय उभं करायचं?

दुकानं पालथी घालणं सुरू झालं. पहिल्या दुकानातल्या माणसाने टाचेमागे पट्टी सरकवून असा काही जोर लावला, की पट्टी वाकली. दुसऱ्याने तीन नंबर मोठे बूट काढले. ते रुंदीला जेमतेम झाले, पण लांबी अशी की सिस्टर दारात पोचायच्या आधी बूट बाहेर पडलेले असायचे. तिसरा म्हणाला, "घेऊन जा ताई, वापरून वापरून सैल होतील."

"आधी चढू तर देत," सिस्टर म्हणाल्या.

नवरा बरोबर होता. "आपण खोकीच घेऊ या का?" त्याने हळूच विचारलं. परतताना तो चार पावलं मागेच राहिला.

शेवटी मदतीला धावले प्लास्टरमामा. तीस वर्षं लोकांचे मोडलेले हातपाय प्लास्टरमध्ये घालणारा हा भला माणूस. "पायाचा साचाच काढून देतो, सिस्टर. त्यावरून बूट शिवून घ्या. हाय काय अन् नाय काय!" त्यांनी सिस्टरांना टेबलावर आडवं केलं, टाचेखाली उशी दिली आणि दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळल्या. सवयीने "पाय उंचावर ठेवा, बोटं हलवत राहा" हेही बजावलं. प्लास्टर सुकेपर्यंत वॉर्डभर बातमी झाली, की मोठ्या सिस्टर दोन्ही पायांनी गेल्या. तीन पेशंटांचे नातेवाईक विचारपूस करून गेले.

साचे कापून निघाले आणि बूट शिवणाऱ्या काकांकडे गेले. आठ दिवसांनी काकांनी पांढरेशुभ्र बूट सिस्टरांपुढे ठेवले. सिस्टरांनी स्टुलावर बसून पाय घातला, तो अलगद आत गेला. दुसराही गेला. जन्मात पहिल्यांदा बुटाने त्यांना आत घेतलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्या उभ्या राहिल्या आणि "आई गं" म्हणून पुन्हा खाली बसल्या. बसल्यावर बूट परत छान.

काकांनी चष्मा वर केला. "माप कसं घेतलं?"

"आडवं झोपून. पाय उशीवर."

"मग काय होणार? पायावर वजन पडलं की तो पसरतो. हे झोपलेल्या पायाचे बूट झाले, बाई. खुर्चीत बसून वापरा, झकास आहेत."

काकांना बिचाऱ्यांना रेकॉर्ड रूमबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. सिस्टरांना मात्र रडू की हसू कळेना. दिवसभर दुसऱ्यांना "टाका वजन" म्हणणारी आपण, आणि स्वतःच्या वेळी विसरलो! प्लास्टरमामांनी तर कपाळाला हात लावला. "माझ्याकडे जो येतो तो मोडूनच येतो. उभं राहून प्लास्टर घातलंय कुणी आजवर?"

चार दिवस उरले होते. या वेळी ड्यूटी संपता संपता, पाय पुरते सुजलेले असताना, मामांनी फरशीवर ओल्या पट्ट्यांचे थर मांडले आणि सिस्टरांना त्यावर उभं केलं. पट्ट्या निसरड्या होत्या. सिस्टरांनी भिंत धरली. पाय लटपटायला लागले.

"टाका वजन," मामा म्हणाले. "मी आहे ना."

सिस्टरांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं, आणि टाकलं. भीती वाटते हो, अगदी खरी वाटते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. नंतर त्या पेशंटांना वजन टाकायला एकाऐवजी दोन मिनिटं देऊ लागल्या.

काकांनी रात्रंदिवस एक करून दुसरे बूट शिवले. दिसायला ते म्हणजे दोन होड्याच. पंधराव्या दिवशी ते घालून सिस्टर वॉर्डात हजर झाल्या. अधीक्षक फेरीवर आले, वाकून बूट बघितले आणि मनापासून म्हणाले, "छान. तरी रेकॉर्ड रूमची खुर्ची अजून रिकामी आहे. बघा, बसून काम करायचं असेल तर."

"नको सर," सिस्टर म्हणाल्या. "बसलं की हे सैल पडतात." आणि सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांकडे वळल्या. "चला आजोबा, उभं राहायचंय."