खडूने लिहिलेलं ‘फिट’

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शालिग्राम गावंडेंच्या खिशात खडू असायचा. लोक पेन ठेवतात, हे खडू ठेवायचे. मालगाडीच्या एकेका वॅगनखाली वाकायचं, चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा आणि गाडी सोडायची की नाही ते ठरवायचं, असं त्यांचं रेल्वेतलं काम. तिथे अशा माणसाला टीएक्सआर म्हणतात. बिघडलेल्या वॅगनवर ते खडूने ‘सिक’ लिहीत, म्हणजे आजारी. मग मोठ्या साहेबाचा फोन येवो, ती वॅगन गाडीतून निघायचीच. चौतीस वर्षांत आपलं ‘फिट’ एकदाही खोटं ठरलं नाही, हे ते चहा पिताना सांगत, जेवताना सांगत आणि कोणी विचारलं नाही तरीही सांगत.

घरी मात्र फिट म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुकरची रिंग तपासून झाली, पंख्याचे स्क्रू आवळून झाले. त्यांची मुलगी क्षमा कानांची तपासणी करायची. छत्तीसगडचं मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी तिने जुन्या रायपुरातल्या शंकर नगरातली चांगली नोकरी सोडली. राजधानीचे रुंद रस्ते संपले की जी गावं लागतात, तिथल्या पोरांचे कान कोणी तपासलेच नव्हते. ऐकू येत नसलेल्या पोराला मास्तर मठ्ठ म्हणायचे आणि मागच्या बाकावर बसवायचे. क्षमाने बीरगावच्या एका वर्कशॉपात जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत न येणारी खोली चाकांवर बांधून घेतली. हा ट्रेलर ओढायला तिने एक जुनी एसयूव्ही घेतली.

“बाबा, टायर तुम्हीच निवडा,” ती म्हणाली. “मले त्यातलं काही समजत नाही. तुम्ही फिट म्हटलं की मी निघते.”

म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता.

वर्कशॉपच्या समोरच हिरालालचं टायरचं दुकान. गावंडेंनी तिथे दोन तास काढले आणि हिरालालला घाम फोडला. रुंद, चकचकीत टायर त्यांनी हात न लावता बाजूला सारले. बाजूवर छापलेले चार आकडे चष्मा लावून वाचले, कारण त्यातून टायर कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनला ते कळतं. दोन वर्षं दुकानात पडून असलेला एक टायर त्यांनी तिथल्या तिथे परत केला. शेवटी दोन प्रकार उरले. एक मऊ चालणारा, एकटा सातशे तीस किलो पेलणारा. दुसरा कडक, नऊशे किलोचा.

“ट्रेलर के लिए ये कडक वाला लीजिए, बाबूजी,” हिरालाल म्हणाला.

“ट्रेलर का वजन ट्रेलर के चक्कों पर रहता है, हिरालाल. इंजन को सिर्फ खींचना है. डिब्बा क्या इंजन के सिर पर बैठता है?”

कानाची नाजूक यंत्रं गाडीत जायची होती, म्हणून मऊच बरे, असं गावंडेंनी ठरवूनही टाकलं. “हव,” म्हणून हिरालालने चारही मऊ टायर बसवून दिले. चौतीस वर्षांच्या अनुभवापुढे त्याने तरी काय बोलावं!

सोमवारी सकाळी वर्कशॉपात ट्रेलर जोडायचा होता. पहिलं शिबिर अकरा वाजता, नव्या रायपुराच्या पलीकडच्या शाळेत. वेल्डर नारळ घेऊन उभे, क्षमा स्टिअरिंगवर, गावंडे खडू घेऊन मागच्या चाकाशी. ट्रेलरचं नाक गाडीमागच्या हुकवर उतरवलं आणि गाडी मागून खाली बसली. नव्या टायरांची पोटं बाहेर आली.

गावंडे वाकले ते वाकलेच राहिले. रेल्वेचा हुक नुसता ओढतो, त्यावर कोणी बसत नाही. हा ट्रेलर मात्र नाक टेकून गाडीवर बसला होता. डबा खरंच इंजिनाच्या डोक्यावर बसला होता.

“बाबा, लिहा ना लवकर! चाळीस पोट्टे वाट पाहून राहिले.”

बाकी कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. कदाचित काही झालंही नसतं. इतकी लाज गावंडेंना आयुष्यात वाटली नव्हती. मग त्यांनी नव्याकोऱ्या टायरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सिक’.

“काहून?” क्षमा खाली उतरली.

“चूक झाली. माझी!” गावंडे एवढ्या जोरात म्हणाले की रस्त्यापलीकडे हिरालालला ऐकू गेलं. चूकसुद्धा ते ठणकावूनच कबूल करत.

शेजारच्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, त्यांनी मागची चाकं तोलली. ट्रेलर सोडून तेराशे किलो, ट्रेलर जोडून पंधराशे दहा. दोन टायरांची ताकद चौदाशे साठ.

“पन्नासच तर वर आहे, बाबा.”

“पन्नास असो की पाच, वर म्हणजे वर. त्यात पुढे खड्डे. शाळेत फोन लाव, म्हणा दोन तास उशीर आहे.”

क्षमाने फोन लावला. हिरालालने दुकानातून कडक टायर काढून आणले. “क्यों बाबूजी, बैठ गया डिब्बा सिर पर?” एवढंच तो म्हणाला आणि चहा मागवला. गावंडेंनी चहा घेतला, पण टायर बसेपर्यंत प्रत्येक नट स्वतः पाहिला. हवा किती भरली तेही दोनदा मोजायला लावलं.

गाडी पुन्हा जोडली. या वेळी ते चारही बाजूंनी फिरले, वाकले, टायर हाताने चाचपले. मग ‘फिट’ लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली आणि दोन पावलं मागे सरले. गाडी जाते, टीएक्सआर मागे राहतो, ही त्यांची जन्माची सवय. ते घरी जायला ऑटो बघू लागले.

क्षमाने शेजारचं दार उघडलं. “बसा.”

“मी? अरे, माझे अठ्ठ्याहत्तर किलो वाढतील ना पोरी. ते कुठं धरले तू?”

तिने वहीतला कागद पुढे केला. गाडीत काय काय जाणार, त्याची ती यादी होती. तारीख गेल्या महिन्यातली, ट्रेलरला अजून रंगही लागला नव्हता तेव्हाची. खाली बॅटऱ्या होत्या, यंत्रं होती, खुर्च्या होत्या, ती स्वतः होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: बाबा, ७८ किलो.

गावंडेंनी ती ओळ दोनदा वाचली आणि खडू खिशात टाकला. चौतीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या होत्या. आपण ‘फिट’ लिहिलेल्या गाडीत ते पहिल्यांदाच बसले.