चाचणी खेळाडूचं पिवळं कार्ड

स्ट्रुअन मेअरच्या हिशेबात दोन सामने कमी भरत होते, म्हणून तो मंगळवारी दुपारी मैदानावर आला.

इनव्हरकार्न रोव्हर्सनं बावन्न वर्षांनी लीग जिंकली त्याला दहा दिवस झाले होते. चषक बेकरीच्या काचेत, मटण-पाईच्या ट्रेशेजारी ठेवला होता आणि बंदरावरून येणारा-जाणारा तिथं थांबून बघत होता. शनिवारी क्लबचं जेवण होतं. त्या जेवणात प्रत्येक खेळाडूला त्याच्या हंगामाचा एक कागद मिळतो. सामने, गोल, कार्डं, एवढंच. कागद नेटा काउई हातानं लिहिते आणि आधी ज्याचा त्याला दाखवते. ती बत्तीस वर्षं क्लबची सेक्रेटरी आहे. त्यातली बरीच वर्षं ती गावच्या शाळेत जेवणही वाढायची, त्यामुळे संघातली निम्मी पोरं आजही तिच्यापुढं ताटली घेऊन आल्यासारखी उभी राहतात.

"मिसेस काउई, माझ्या मॅच पंचवीस नाहीत," स्ट्रुअन म्हणाला. "सत्तावीस आहेत."

"वहीत पंचवीस आहेत."

"ऑगस्टमधल्या दोन कुठं गेल्या? नाव माझं नव्हतं, पण पाय तर माझेच होते ना?"

त्याचं बरोबर होतं. या लीगमध्ये नवा खेळाडू करार करण्याआधी तीन सामने खेळून दाखवू शकतो. तोवर संघाच्या यादीत त्याचं नाव लिहीत नाहीत, नुसतं 'चाचणी खेळाडू' लिहितात. शेजारच्या क्लबला नाव कळलं की ते पोराला पळवतात, म्हणून. अख्खं गाव कुंपणाला रेलून त्याला नावानं शिव्या घालत असतं, कागदावर मात्र तो कुणीच नसतो.

नेटानं मैदानावरच्या तिच्या चहाच्या टपरीची फळी पुसली, वही ठेवली आणि ऑगस्टचं पान काढलं. पहिला सामना सापडला. दुसरा पोर्टलेनीविरुद्धचा, तोही सापडला. त्या ओळीच्या शेवटी, पानाच्या कडेला, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: चाचणी खेळाडू, पिवळं कार्ड, ६७ वं मिनिट.

"हे कार्ड कुणाला मिळालं होतं?"

"मलाच. रेफ्रीला आंधळा म्हणालो होतो."

"असं बोलतात?"

"आंधळाच होता, मिसेस काउई. कुणालाही विचारा."

"बरं. सत्तावीस लिहिते. जा आता."

तो शीळ घालत गेला. नेटानं स्ट्रुअनचं स्वतःचं पान काढलं. तिथं चार कार्डं होती. सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, आणि चौथं शेवटून दुसऱ्या सामन्यात. तिनं पेन्सिलीचं टोक एकेका खुणेवर टेकवून मोजलं. मग ऑगस्टच्या पानावर बोट ठेवून पुन्हा मोजलं. मागं किटली उकळून झाकण थडथडत होतं, ते तिला बऱ्याच वेळानं ऐकू आलं.

पाच कार्डं झाली की पुढचा सामना बंद. त्यासाठी लीगचं पत्र यावं लागत नाही, बंदी आपोआप लागते. चाचणीतलं कार्ड करार झाल्यावर त्या खेळाडूच्या नावावर चढवायचं असतं आणि ते काम क्लबच्या सेक्रेटरीचं. लीगच्या ऑफिसकडं बिननावाच्या कार्डांचा नुसता ढीग असतो. हा नियम नेटाला पाठ होता. नव्या क्लबांच्या सेक्रेटरींना फोनवर तीच समजावून सांगायची. स्ट्रुअननं करार केला त्या संध्याकाळी टपरीतली टाकी फुटली होती. एका हातात बादली घेऊन तिनं ओल्या टेबलावर त्याची सही घेतली होती. कार्ड चढवायचं राहिलं. इतकंच.

म्हणजे शेवटच्या सामन्यात स्ट्रुअननं कुंपणाबाहेर बसायला हवं होतं.

त्या दिवशी ती स्वतः कपडे बदलायच्या खोलीत गेली होती. "तुझी चार झालीत," असं त्याला सगळ्यांदेखत बजावलं होतं. "आज तोंड उघडायचं नाही." त्यानं तोंड उघडलं नाही. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला त्यानं गोल केला. एक-शून्य. रोव्हर्स एकसष्ट गुण, डनफॅरो साठ. म्हातारी माणसं चिखलात गुडघे टेकून बसली होती. बंदी असलेला खेळाडू खेळवला की तीन गुण जातात. एकसष्टातून तीन.

आणि दुसऱ्या नंबरावर डनफॅरोच असावं, हे तिला त्या टपरीत उभं राहून खरं वाटेना. तीन वर्षांपूर्वी डनफॅरोनं असाच एक पोरगा खेळवला होता. तक्रार नेटानंच केली होती. त्यांचे तीन गुण गेले, ते वर्षभरासाठी खालच्या विभागात घसरले आणि त्यांचा सेक्रेटरी आर्ची पर्डी यानं एकोणीस वर्षांचं काम सोडलं. तेव्हा त्यानं फोन केला होता. "नेटा, चूक झाली गं, लबाडी नव्हती," तो म्हणाला होता. "फॉर्मवर त्याला वेगळा चौकोन नाही, आर्ची," असं उत्तर तिनं दिलं होतं. या वाक्यावर गावात महिनाभर हशा पिकला होता.

ती धक्क्यावर गेली. क्लबचा अध्यक्ष वॉटी स्लेटर तिथं उलट्या क्रेटवर बसून खेकड्यांच्या पिंजऱ्याची जाळी विणत होता. नेटा आणि तो शाळेत एका बाकावर होते.

"वॉटी, स्ट्रुअनला पाच कार्डं आहेत."

वॉटीची सुई थांबली नाही. "ठाऊक आहे," तो म्हणाला.

तो चेष्टा करतोय असं नेटाला वाटलं. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"काय ठाऊक आहे?"

"पोर्टलेनीचं. मी गोलच्या मागंच उभा होतो. रेफ्रीला आंधळा म्हणाला, गाढव कुठला. शेवटच्या मॅचच्या आधी गुरुवारी डूगीनं कार्डं मोजली आणि मला विचारायला आला." डूगी म्हणजे संघाचा मॅनेजर. "मी म्हटलं, नेटा काही बोलते का बघू. तू नाही बोललीस."

"मला कुणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर तू त्याला बाहेर बसवलं असतंस."

"अर्थात बसवलं असतं!"

"मग?" वॉटीनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. "बाप माझा बावन्न साली खेळला त्या संघातून... बावन्न वर्षांपूर्वी म्हणतोय मी. चषकाला एकदा हात लावायचा होता मला, नेटा. लावला. ऑफिसला कळलेलं नाही, डनफॅरोला कळलेलं नाही. तू वही मिट आणि घरी जाऊन चहा पी."

"त्या मॅचच्या यादीखाली सही माझी होती."

"म्हणून तर झालं! तुझी सही बघितली की तिथं कुणी पान उलटत नाही. बत्तीस वर्षांची पुण्याई आहे बाई तुझी. एकदा तरी कामाला आली."

हे तो कौतुकानं म्हणाला. नेटा हात कोटाच्या खिशात घालून उभी राहिली. वॉटी दुसरा पिंजरा ओढून घेत होता. त्या गुरुवारी संध्याकाळी हे दोघं टपरीत आले होते, हे तिला आता आठवलं. तिनंच त्यांना मटण-पाई गरम करून दिल्या होत्या. डूगीनं जास्तीचा सॉस मागितला होता.

"तू मला वापरलंस, वॉटी."

"क्लबसाठी गं. क्लब काय फक्त माझा आहे?"

ती घरी गेली. तक्रारीचा फॉर्म ड्रॉवरमध्ये असतोच. वर दोन चौकोन आहेत. पहिला तक्रार करणाऱ्या क्लबचा, दुसरा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या क्लबचा. तिनं दोन्हींत इनव्हरकार्न रोव्हर्स लिहिलं. खाली तारीख, सामना, खेळाडूचं नाव आणि पाच कार्डांच्या पाच तारखा. शेरा लिहायच्या जागेत तिनं दोन वाक्यं लिहिली: 'नोंद माझ्याकडून राहिली. खेळाडूला माहीत नव्हतं.' वॉटी आणि डूगीचं नाव तिनं लिहायला घेतलं आणि थांबली. ते दोघं बोललेलं तिला सिद्ध करता येणार नव्हतं, आणि सिद्ध न होणारं तिनं कधी फॉर्मवर लिहिलं नव्हतं. सही करून ती टपालपेटीपर्यंत चालत गेली.

शुक्रवारी निकाल आला. अठ्ठावन्न गुण. बेकरीवाल्यानं चषक काढून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काचेतली मोकळी झालेली जागा बनपावांनी भरली. दुकानात त्यानं नेटाचा पाव तिच्याकडं न बघता पुढं सरकवला. त्याच संध्याकाळी आर्ची पर्डीचा फोन आला.

"तू मोजायला चुकलीस?" तो म्हणाला.

"हो."

"तू?"

"हो, आर्ची. मी."

"बाप रे," आर्ची म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्यानं फोन ठेवला.

शनिवारचं जेवण रद्द झालं नाही, कारण स्वयंपाक सांगून झाला होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. वॉटी आला होता. तो मुख्य टेबलावर बसून सूप पीत होता आणि नेटा आत आल्यावर त्यानं ताटलीतून मान वर केली नाही. भाषण झालं नाही. नेटा टेबलांमधून फिरून कागद वाटत गेली. काहींनी घेतले. काहींनी हात पुढं केला नाही, तेव्हा तिनं कागद त्यांच्या काट्या-चमच्यांशेजारी ठेवले.

स्ट्रुअन दाराजवळ, एकटाच बसला होता. त्याचे डोळे लाल होते.

"मला कुणीच कसं नाही सांगितलं, मिसेस काउई? मी बसलो असतो की बाहेर."

"मला माहीत आहे."

"आता ती मॅच धरायची नाही ना? म्हणजे सव्वीस."

"तू खेळलास ना ती?"

"खेळलो."

"गोल केलास?"

त्यानं मान डोलावली.

"मग सत्तावीस," नेटा म्हणाली आणि कागद त्याच्यापुढं ठेवला. सामने सत्तावीस. गोल अकरा. पिवळी कार्डं पाच.