मागच्या बाथरूममधले उंदीर

कुवेतला महबूलामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन बाथरूम होती. पुढचं आमचं आणि मागचं उंदरांचं. पाहुणे आले की बायको मागच्या दाराला बाहेरून कडी घालायची आणि तिथलं फ्लश बिघडलंय असं सांगायची. पाच वर्षं ते फ्लश बिघडलेलंच होतं. आणि मी पडलो एसी मेन्टेनन्सचा सुपरवायझर, दुसऱ्यांच्या घरात जाऊन दुरुस्त्या करणारा. लोक माझ्याबद्दल काय समजायचे कोण जाणे.

उंदीर होते सापासाठी, आणि साप होता मुलीचा. ती दहावीत असताना तिच्या वर्गातल्या एका मुलीचं कुटुंब कुवेत सोडून कायमचं निघालं आणि त्यांचा पाळलेला पायथन हिने काचेच्या पेटीसकट घरी आणला. हाताच्या मनगटाएवढा जाड, अंगावर चॉकलेटी नक्षी, स्वभावाने गरीब. आमच्या कोकणात सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. बायको म्हणाली, "या घरात एक तर ते जनावर राहील, नाहीतर मी." शेवटी दोघंही राहिली.

त्याला दर आठवड्याला एक उंदीर लागायचा. दुकानात कधी मिळायचे, कधी नाही, आणि मिळाले तर अंगावर पिसवा घेऊन यायचे. म्हणून मुलीने पैदास घरीच सुरू केली. प्लॅस्टिकचे मोठे टब, वर जाळी, तळाला लाकडाचा भुसा. एका नराला तीन माद्या. बावीस दिवसांत पिल्लं व्हायची, गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी. मी येताजाता कुरकुर करायचो. "गावी उंदरांना सापळे लावण्यात जन्म गेला आणि इथे त्यांचं बाळंतपण करतोय. एक दिवस सगळं उचलून फेकून देईन," हे माझं पालुपद होतं. मुलगी ढुंकूनही बघायची नाही. "ओके बाबा," म्हणायची आणि पाण्याच्या बाटल्या भरायला लागायची.

बायकोचं दुखणं वेगळं होतं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो. "त्याच्या वाहनाला मारून जनावराला घालता, कुठे फेडाल ही पापं?" असं ती म्हणायची. मग तोडगा असा निघाला की गणपतीच्या आठवड्यात सापालाही उपास. त्याची काही तक्रार नव्हती. साप महिनाभर जेवला नाही तरी त्याला फरक पडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग मुलगी शिकायला कॅनडाला गेली. जाताना तिने मला सगळं करायला शिकवलं, उंदराला त्रास न होता कसं संपवायचं तेसुद्धा. मला ते जमणार नाही असं वाटलं होतं. पण जमलं. तरी दर खेपेला मी त्या उंदराला मनातल्या मनात माफ कर म्हणायचो, आणि हे मी कोणाला सांगितलं नाही.

मुलीशी फोनवर बोलणं मला कधी धड जमलं नव्हतं. जेवलीस का, थंडी आहे का, अभ्यास कसा चाललाय, की माझी गाडी थांबली. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पण आता आमच्याकडे उंदीर होते. दर शुक्रवारी मी फोन घेऊन मागच्या बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसायचो. किती पिल्लं झाली, डोळे उघडले का, ती काळ्या डोक्याची मादी पिल्लांवर बसते का, सापाने कात टाकली ती एकसंध निघाली का. तासतासभर चालायचं. बायको दाराबाहेरून म्हणायची, "बापलेकीचं झालं असेल तर मला पण जरा लेकीचं तोंड दाखवा." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन. एकवीस वर्षं परदेशात ज्या मुलीसाठी काढली, ती मला त्या फिनेलच्या वासात भेटली.

जुलैत एका दुपारी गावाहून फोन आला की आई अत्यवस्थ आहे. संध्याकाळची दोन तिकिटं मिळाली. बायकोने बॅगा भरल्या. मी टबांत चार दिवसांचं खाणं घातलं, बाटल्या भरल्या, सापाच्या भांड्यातलं पाणी बदललं. शेजारच्या अबू हलीफाला राहणाऱ्या माझ्या रायगडच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, उद्या दुपारच्या सुटीत जाऊन बघून येईन. चावी हारिसकडे, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडे, ठेवायचं ठरलं. मग गॅस बंद केला, नळ तपासले, बॅगा बाहेर काढल्या, आणि दार ओढायच्या आधी वर हात करून मेन स्विच पाडला.

गावी जाताना मेन बंद करायचा. माझे वडील करायचे, मी करत आलो. कुवेतमध्येही पहिली कित्येक वर्षं सुटीला निघताना फ्रीज रिकामा करून मी तेच करायचो. साप आल्यापासून ते बंद झालं होतं, कारण निघताना दरवेळी मुलगी दारात उभी राहून ओरडायची, "बाबा, मेन नको." चार वर्षं ती ओरडली. या वेळी ओरडायला ती नव्हती, आणि माझं डोकं आईपाशी होतं. हात आपला आपण वर गेला.

बाहेर पन्नास डिग्री होतं. पश्चिमेच्या भिंतीचा फ्लॅट एसीशिवाय किती वेळात किती तापतो, हे मी झोपेतही सांगू शकतो. तेवढ्यावरच माझी भाकरी आहे.

आई आम्ही पोचण्याआधीच गेली होती. तिला न्यायचं माझ्यासाठी थांबवलं होतं. मी अग्नी दिला, आंघोळ करून पडवीत बसलो, तोच मित्राचा फोन आला. बराच वेळ तो आईबद्दलच बोलला. मग हळूच म्हणाला, "लाईट नाय रे घरात. मेन पडलेला हाय." मी विचारलं, सगळे गेले? तो म्हणाला, "सगले. तू आता तिकडचा बघ, मी हितला करतो."

मी तिथेच रडायला लागलो. माणसं जवळ आली, पाठीवरून हात फिरवला, म्हातारी भरल्या घरात गेली म्हणाली. आईसाठी रडत होतोच. पण आधी रडू आलं ते कशाचं, हे मला ठाऊक आहे आणि त्याची मला लाज वाटते.

मित्राने सगळं आवरलं, टब धुतले, सापाला समुद्राकडच्या बाजूला पुरलं. खूप नंतर, मी खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं की साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून होता आणि माद्यांनी पिल्लं तोंडात धरून पाण्याच्या बाटलीखाली आणून ठेवली होती.

आजी गेल्याचं मुलीला लगेच कळवलं होतं. दुसरं कळवायची छाती झाली नाही. दिवसकार्य उरकून परत आलो, तेव्हा बायको म्हणाली, "वीज गेली होती म्हणून सांगा. उन्हाळ्यात जाते इथे. ती विश्वास ठेवील." ठेवला असता. पण वर्षभर मी त्या मुलीला एकेका पिल्लाचं खरं सांगितलं होतं, आता इथे खोटं बोलवेना. शुक्रवारी फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं.

ती बोलली ती मराठीत.

"बाबा, तू एसीचं काम करतोस. जुलैमध्ये मेन कोण बंद करतं? चार वर्षं नाही केलास. मी नसतानाच केलास. तुला नको होतं, तर तसं सांगायचं होतंस. मी कोणालातरी देऊन आले असते."

मी म्हटलं, "अगं, सवय." ती म्हणाली, "ठीक आहे." या सवयीचं मी तिला काय समजावणार? ती इथे जन्मली. जिथे एसी बंद असतो असं घर तिने पाहिलेलं नाही. शिवाय फेकून देईन, फेकून देईन, हे तिने माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. बायको तिला परोपरीने समजावत राहिली. तिने प्रत्येक वेळी "आय नो" म्हटलं, एवढंच.

डिसेंबरात ती दहा दिवसांसाठी आली. बरी वागली. माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी केली, मला स्वेटर आणला, तो घालून फोटोही काढला. मागच्या बाथरूममध्ये आता वॉशिंग मशीन आहे. त्यात तिने स्वतःचे कपडे लावले. एकदाही काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, भांडण होईल म्हणून. आता वाटतं, भांडली असती तर बरं झालं असतं.

निघायच्या दिवशी विमानतळावर तिने आईला मिठी मारली, पोटभर, हलूनडुलून. मग माझ्याकडे वळली. मी हात पुढे केले होते. ती खाली वाकली आणि माझ्या पाया पडली, लांबच्या मोठ्या माणसांच्या पडतात तशी. जन्मात कधी पडली नव्हती. मी पुढे केलेला एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि सुखी राहा म्हणालो. "थँक यू बाबा," ती म्हणाली आणि बॅग ओढत आत गेली.